थंडीत माती झोपू द्यायची की कामाला लावायची?

सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत. घर बांधून सहा वर्षं झाली आणि घरामागे वीस बाय पंधरा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे गुलाब, मोगरा, लिंबू आणि थोडा भाजीपाला लावायची त्यांची फार इच्छा आहे, पण माती साथ देत नाही. पावसाळ्यात चिखल पायाला चिकटून येतो आणि दिवाळी झाली की जमीन दगडासारखी होऊन तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. लावलेल्या गुलाबांची पानं पिवळी पडली आहेत. त्यांच्या यजमानांचं मत आहे की ही माती काढून टाकावी आणि दोन ट्रॉली लाल माती भरावी. ट्रॉलीवाल्याशी बोलणंही झालं आहे. अक्कलकोटकडे शेती करणारा भाऊ म्हणतो, काळी माती म्हणजे सोनं, तिला हात लावू नका. मुलगी इंग्लंडमध्ये असते. ती तिथल्या बागांचे व्हिडिओ पाठवते आणि सांगते, आत्ता खोल खणून ढेकळं तशीच ठेव, वर थोडा चुना टाक, पुठ्ठ्यांनी झाक आणि मार्चपर्यंत मातीला झोपू दे. सासूबाई म्हणतात की तुझ्या हातालाच गुण नाही. ताई विचारतात, “कुणाचं ऐकू? आणि मार्चपर्यंत खरंच थांबायचं का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला वेळेचं बंधन आहे. थांबू नका. आपल्याकडे बागेच्या मातीवर काम करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य यासारखे दिवस वर्षात दुसरे नाहीत. मार्च उजाडला की ऊन तापतं, माती कोरडी ठाक होते, नळाच्या पाण्याची ओढाताण सुरू होते आणि मग जूनपर्यंत आहे ते जगवणं एवढंच काम उरतं.

तुमच्या मुलीचा सल्ला चुकीचा नाही, तो तिच्या गावचा आहे. इंग्लंडच्या हिवाळ्यात जमीन गोठते. भारी मातीची मोठी ढेकळं उघडी ठेवली की त्यांच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो, वितळतो, पुन्हा गोठतो, आणि वसंत येईपर्यंत ढेकूळ आपोआप भुसभुशीत होतं. म्हणून ते खणून ठेवतात. तिथे हिवाळाभर पाऊस असतो आणि त्या पावसानं मातीतलं खाद्य वाहून जातं, म्हणून ते झाकून ठेवतात. अनेक ठिकाणची माती शतकानुशतकांच्या पावसानं आम्ल झालेली असते, म्हणून चुना टाकतात. आता हे आपल्याकडे लावून पाहा. सोलापुरात जमीन गोठत नाही. डिसेंबरातही दुपारी तीस अंशांच्या आसपास तापमान असतं. पाऊस नसतो, असतो तो कोरडा वारा. आणि चुना तर आपल्या मातीत आधीच इतका आहे की त्याचाच आपल्याला त्रास आहे. तेव्हा चुना अजिबात टाकू नका. चुलीतली किंवा हुरड्याच्या आगटीतली राखही मातीत मिसळू नका. राख खत म्हणून चांगली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कोकणातल्या आम्ल मातीत ते खरंही आहे. आपल्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) मात्र बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास असतो आणि राखेनं तो आणखी वर सरकतो.

झाकण्याचं मात्र मुलीचं बरोबर आहे. आपल्याला पावसापासून झाकायचं नाही, उन्हापासून आणि वाऱ्यापासून झाकायचं आहे. त्याकडे पुढे येते.

आता भाऊ काय म्हणतो ते. तो खरं बोलतो आहे. आपल्याकडे वर्षाचा पाऊस जेमतेम ६००-७०० मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या आसपास पडतो. तेवढ्या ओलीवर मंगळवेढ्याच्या शिवारात मालदांडी ज्वारी उभी राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, वरून पाणी द्यायचं नाही आणि फेब्रुवारीत काढायची. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. थंडीचे तीन महिने पोटात पाणी धरून ठेवणं हाच काळ्या मातीचा गुण आहे. ज्या बारीक चिकणकणांमुळे तुमच्या चपलेला चिखल चिकटतो तेच कण ओल धरतात, फुगतात, वाळले की आकसतात आणि भेगा पडतात. भेगा म्हणजे माती मेल्याची खूण नव्हे. वरची सैल माती भेगेत पडते, पुढच्या पावसात खालची फुगून वर येते. ही माती स्वतःच स्वतःला नांगरत असते.

पण भाऊ एक गोष्ट गृहीत धरतो, ती तपासायला हवी: तुमच्या घरामागे जी आहे ती काळी मातीच आहे, असं.

घर बांधताना पायाचे खड्डे खणले जातात. खालून निघालेली पिवळट चुनखडी, मुरूम, शिवाय विटांचे तुकडे, गिलाव्याची खरवड, सांडलेलं सिमेंट हे सगळं मागच्या जागेत पसरून सपाट केलं जातं. वर चार टोपल्या माती टाकली की अंगण तयार. नव्या वसाहतींमधल्या कितीतरी घरांत लोक जिला “सोलापूरची खराब माती” म्हणतात ती पायातून निघालेली खालची माती असते आणि खरी माती तिच्याखाली दबलेली असते. म्हणून ट्रॉलीवाल्याला फोन करण्याआधी एक सकाळ या कामाला द्या. जागेच्या मधोमध दीड फूट खोल खड्डा घ्या. त्याची एक बाजू खुरप्यानं सरळ तासून काढा आणि उजेडात नीट बघा. वरचे चार-सहा इंच राखाडी-पिवळट, त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे, मधूनच विटेचा लाल तुकडा, आणि खाली अचानक सरळ रेष आखल्यासारखा काळा थर, त्यात जुन्या गवताची केसासारखी मुळं, असं दिसलं तर तुमची अडचण कळली. वरच्या थरातला एक खडा वाटीत घेऊन त्यावर स्वयंपाकाचं व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर तो चुनखडीच आहे.

असं निघालं तर सगळी जागा उपसायची गरज नाही. जिथे वाफे करायचे तेवढ्याच पट्ट्यांवरचा वरचा थर कुदळीनं काढा आणि तोच मधल्या पायवाटांवर टाकून चोपा. पायवाटेला चुनखडी-मुरमासारखं दुसरं काही नाही. गिलाव्याची ढेकळं आणि सिमेंट मात्र हातानं वेचून बाहेर टाका. वाफा थोडा खाली गेला तरी वर खत आणि पालापाचोळा येणार आहे, तो भरून निघेल. उलट खड्ड्यात वरपासून खालपर्यंत एकसारखी काळी माती दिसली तर भावाचं म्हणणं पूर्ण खरं, आणि तुमची माती फक्त उपाशी आणि उघडी आहे. तिसरी शक्यता अशी की फूटभर खणूनही मुरूमच लागेल. तेव्हाच यजमानांच्या बाजूनं विचार करावा लागेल.

तोच खड्डा पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतही तसंच राहिलं तर निचरा वाईट आहे. तिथे लिंबू लावायचं असेल तर वीतभर उंच वरंब्यावरच लावा. पाणी साचलेल्या काळ्या मातीत लिंबाची मुळं कुजतात आणि झाड पाणी कमी पडल्यासारखं सुकतं. लोक मग आणखी पाणी घालतात.

यजमानांच्या लाल मातीबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे आणि कष्ट त्यातच जाणार आहेत. लाल माती हाताला मोकळी लागते, ओली झाली तरी चिकटत नाही, रोपवाटिकेतली सगळी रोपं तिच्यातच असतात, म्हणून ती चांगली वाटते. पण तिच्यात सेंद्रिय अंश फार नसतो, आणि पाणी ती काळ्या मातीएवढं धरत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि नळाला रोज पाणी येत नाही, अशा शहरात हा लहान दोष नव्हे. दुसरं, खाली काळी घट्ट माती आणि वर फूटभर मोकळी लाल माती असे दोन थर झाले की पावसाळ्यात पाणी त्या दोन्हींच्या सीमेवर अडतं आणि मुळं तिथेच थबकतात. तिसरं, ट्रॉलीतून लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या येतात. लव्हाळा एकदा आला की तो काढता काढता वर्षं जातात. ती माती कुणाच्या तरी माळावरून खरवडून आणलेली असते, हेही मला खुपतं. कुंड्यांसाठी पोतंभर लाल माती जरूर घ्या. खड्ड्यात नुसता मुरूम निघाला तर वीटबांधणीचा दीड फूट उंच वाफा करून त्यात दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं खत भरा. बाकी दोन ट्रॉलींचे पैसे शेणखतावर खर्च करा, त्याचा उपयोग दहापट होईल.

वाळू मिसळायचा सल्लाही कुणीतरी देईलच. भारी मातीत घमेलं-दोन घमेली वाळूनं काही होत नाही. फरक पडायचा तर जवळजवळ निम्मी वाळू लागते, आणि त्याहून कमी टाकली तर वाळल्यावर माती आणखी घट्ट बसते. जिप्समचंही तसंच आहे. मातीत सोडियमचं प्रमाण वाढलेलं असेल तरच ते कामाला येतं, नाहीतर नाही. म्हणून माती परीक्षण करून घ्या. शेतकऱ्यांसाठी असलेल्या सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात ते होतं. खत टाकण्याआधीच नमुना घ्या. पाच-सहा जागी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या बाजूची माती काढा. ती एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि असं करत अर्धा किलो उरला की कापडी पिशवीत भरून द्या. अहवालात तीन आकडे बघा: सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-खतातून मातीत राहिलेला कार्बन). कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली आला तर तो कमी समजतात. आपल्याकडच्या उघड्या जमिनीत तो बहुधा कमीच येतो, तेव्हा आकडा बघून घाबरू नका.

बोअरचं पाणी वापरत असाल तर त्याचीही तपासणी करून घ्या. वाफ्याच्या कडेला किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरत असेल तर क्षार पाण्यातूनच येत आहेत. मग कितीही खत घातलं तरी निम्मं काम वाया जातं. अशा घरांनी नळाचं पाणी आलं की निदान महिन्यातून एकदा वाफा सावकाश भरपूर भिजवावा, म्हणजे क्षार खाली उतरतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी बागेत सोडू नका. बागेला पाणी मिळालं असं वाटतं, पण ते क्षारांचं पाणी असतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम वाफशाचा, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडी ठाकही नाही अशा ओलीचा. पाणी दिल्यावर किंवा अवकाळी पाऊस पडल्यावर लगेच मातीत उतरू नका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटून विखुरली तर वाफसा आला. गोळा तसाच आपटून चपटा झाला तर अजून दोन दिवस जाऊ द्या. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर जी ढेकळं होतात ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत फुटत नाहीत. खोल खणायचं ते एकदाच, वरचा थर काढताना. त्यानंतर खुरप्यानं वरचा इंच-दोन इंच थर हलका करत राहायचं. रब्बी ज्वारीत शेतकरी थंडीत पुन्हा पुन्हा कोळपतो (ओळींमधली वरची माती हलकी खरवडतो) ते फक्त तण काढायला नाही. कोळप्यानं भेगा बुजतात आणि वर मोकळ्या मातीचा थर बसतो, म्हणून खालची ओल उडून जात नाही. भावाला विचारा, तो तुम्हाला हे माझ्याहून चांगलं दाखवेल.

दुसरं शेणखत. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला पहिल्या वर्षी अर्धा इंच जाडीचा थर द्या. त्याला सात-आठ घमेली लागतात. खुरप्यानं वरच्या तीन-चार इंचांत मिसळा, खोल पुरू नका. खत नीट कुजलेलं हवं. हातात घेतलं तर ते चहाच्या चोथ्यासारखं मोकळं, काळसर आणि शेणाचा वास गेलेलं असावं. ओलं शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत टाकलं तर त्याबरोबर हुमणी नावाची अळी येते, ती मुळं खाते आणि रोपं एका रात्रीत मान टाकतात. खत ताजं मिळालं तर ढीग करून, ओलं गोणपाट टाकून दोन-अडीच महिने मुरू द्या. थंडीतही आपल्याकडे ढीग चांगला तापतो. अडचण होते ती कोरड्या हवेची. आठवड्यातून एकदा हात घालून बघा. मूठ पिळल्यावर थेंब गळू नये, पण तळहात ओला व्हावा. लेंडीखत मिळालं तर ते जास्त तेज असतं, निम्मंच वापरा. धनगरांची मेंढरं थंडीत आपल्या भागातल्या शेतांत बसवलेली असतात. भावाच्या ओळखीनं दोन पोती मिळतील.

तिसरं आच्छादन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. खताशिवाय एक वर्ष निघेल, पण उघडी माती ठेवली तर खतही उन्हात जळतं. सोलापुरात या दिवसांत आच्छादनाला तोटा नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू असतो, उसाचं पाचट जाळायच्या आधी कुणीही देतं. तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट शेतात मिळतं. येळवशीला (वेळ अमावस्येला) भावाच्या शेतावर जाल तेव्हा येताना गाडीत दोन पोती टाका. शेंगाचटणी आपल्या घरोघरी होते, त्या शेंगांची टरफलं फेकू नका. टरफलं सावकाश कुजतात, म्हणून उन्हाळाभर टिकतात. संक्रांतीच्या आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं ढिगानं पडलेली असतात, ती वाळवून तुकडे करून वापरता येतात. हे सगळं तीन बोटं जाडीचं पसरा, पण मातीत मिसळू नका. सुका पाला मातीत गाडला तर तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरला तर तसं होत नाही. वाळवीची भीती आपल्याकडे खरी आहे, म्हणून आच्छादन घराच्या भिंतीपासून दोन फूट आणि झाडाच्या बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा. मुलीनं सांगितलेले पुठ्ठे हरळी असलेल्या कोपऱ्यात जरूर अंथरा. चिकटपट्ट्या काढा, ओले करा आणि वर पाचट टाका. बाकी ठिकाणी त्यांची गरज नाही.

चौथं, जागा रिकामी ठेवू नका. अर्ध्या भागात लगेच मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, लसूण घ्या. मुळा भारी मातीत सरळ वाढला नाही तरी त्याचं मूळ जिथे जातं तिथे वाट मोकळी होते. उरलेल्या भागात हरभरा पेरा. डिसेंबरात हरभरा पेरायला शेतकरी उशीर झाला म्हणेल, पण आपल्याला घाटे नको आहेत, आपल्याला त्याची मुळं हवी आहेत. दुकानातले देशी हरभरे रात्रभर भिजवा आणि वीतभर अंतरावर टोचा. महिन्याभरात शेंडे खुडून भाजी करा, त्यानं फुटवे वाढतात. सकाळी लवकर पानांवरून बोट फिरवून जिभेला लावलं तर आंबट लागेल. ही हरभऱ्याची आंब. तशीच आम्लं तो मुळांवाटे मातीत सोडतो, आणि आपल्या चुनखडीच्या मातीत अडकून पडलेला स्फुरद (फॉस्फरस) त्यामुळे थोडाथोडा मोकळा होतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात ते वेगळंच. फुलं दिसू लागली की झाड उपटू नका. जमिनीलगत विळ्यानं कापा, वरचं तिथेच आच्छादन म्हणून पसरा आणि मुळं आत कुजू द्या. त्यांच्या वाटांनी पुढच्या पावसाचं पाणी खाली उतरेल.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात आंबवून केलेल्या द्रवाबद्दल, अनेक वाचक विचारतात. वाफा झाकलेला आणि ओलसर असेल तर पंधरा दिवसांनी ते जरूर द्या. पण कोरड्या, उघड्या मातीवर ओतलेलं जीवामृत फुकट जातं, कारण जिवाणूंना तिथे खायलाही काही नसतं आणि राहायलाही.

गुलाबांच्या पिवळ्या पानांबद्दल तुम्ही लिहिलं आहे, पण कोणती पानं ते नाही. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता आहे. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही. दहा बाय दहाच्या वाफ्याला २५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घमेलंभर शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस मुरवा आणि मग झाडांच्या आळ्यात द्या. नुसतं मातीवर टाकलं तर चुना त्यालाही अडकवतो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर ती नत्राची भूक असते किंवा मुळाशी पाणी साचल्याची खूण. तिथे हिराकसाचा उपयोग नाही.

सासूबाई जे म्हणाल्या ते मनातून काढून टाका. चुनखडीच्या थरात लावलेलं गुलाबाचं रोप कुणाच्याही हातून असंच पिवळं पडलं असतं. त्यांना हरभऱ्याची भाजी खुडायला बोलवा, त्यांनाही बरं वाटेल. यजमानांशी वाद घालण्यापेक्षा खड्डा त्यांच्याकडूनच खणून घ्या आणि तासलेली बाजू दोघांनी मिळून बघा. ट्रॉलीवाल्याला फार तर पंधरा दिवस थांबायला सांगा. खड्डा बघूनही त्यांना लाल माती हवीच असेल तर एका वाफ्यात भरू द्या. बाकीची जागा तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा. एका उन्हाळ्यात फरक दोघांनाही दिसेल, आणि मग पुढचं ठरवणं सोपं जाईल.

फार लवकर चमत्कार होईल असं मी सांगणार नाही. या थंडीत केलेल्या कामानं पहिला फरक दिसेल तो मे महिन्यात: आच्छादनाखाली हात घातला तर माती गार लागेल आणि भेगा बारीक असतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ सुरू होते, तेव्हा गल्लीतला पाला झाडून पेटवायच्या आत पोत्यांत भरून घ्या आणि विरळ झालेलं आच्छादन पुन्हा जाड करा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की भाजी नसलेल्या भागात ताग पेरा आणि फुलावर येण्याआधी कापून तिथेच पसरा. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा शेणखत द्या, या वेळी निम्मंच. दोन-तीन वर्षं हे चालू ठेवलंत तर चिखल पायाला चिकटणं बरंच कमी होईल. भेगा पूर्ण जाणार नाहीत, आणि जायलाही नकोत.

ज्यांच्याकडे अंगण नाही, गच्चीवर कुंड्या आहेत, त्या वाचकांसाठीही हेच दिवस चांगले. ज्या कुंडीत पाणी वर तुंबतं ती उलटी करून माती मोकळी करा. मुळांचे गुंते काढा, तळाचं छिद्र खापरीच्या तुकड्यानं झाका आणि तीन भाग जुन्या मातीत एक भाग गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून पुन्हा भरा. कुंडीच्या काठावर पांढरे क्षार असतील तर वरची दोन इंच माती टाकून द्या. वर शेंगांच्या टरफलांचा थर द्या. रोगट झाडाची माती असेल तर ती लगेच वापरू नका; तशीच पोत्यात भरून ठेवा आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ पसरून महिनाभर तापवा.